टेबलासमोरची खाट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर ती जाईपर्यंत नाही. आज सांगतेय ते मन हलकं करायला, असं मात्र समजू नका — हलकं व्हायला नकोच आहे मला.

कोराडीचं वीजकेंद्र नवंनवं होतं तेव्हाची गोष्ट. नागपुरातल्या एका मोठ्या इस्पितळात, पुरुषांच्या जनरल वॉर्डात मी सिस्टर होते. आमच्याकडे शिरस्ता होता — आयसीयूतून आलेला पेशंट पहिला पूर्ण दिवस सिस्टरच्या टेबलासमोरच्या खाटेवर. का? तर तिकडे मशीन असतं, पाहायला माणसं असतात. इकडे चाळीस जणांमागे एकटी मी. लिहिता लिहिता मान वर केली की त्याचा चेहरा दिसला पाहिजे. त्याच खाटेवर एका मास्तरांचं हृदय थांबलं, तेव्हा मी धावत जाऊन छाती दाबली होती. मास्तर आपल्या पायांनी घरी गेले. म्हणजे मला कळत नव्हतं, असं कुणी म्हणू नये.

एका सकाळी कोराडीला राख उपसणारे एक गृहस्थ आयसीयूतून आले. हार्ट अटॅक. ट्रॉलीमागे बायको. तिने दारातच हात जोडले.

"जय भीम, बाई. याइले जवळच ठेवजा. मले काई समजत नाही यातलं."

मीही बौद्धच. आईवडिलांनी नागपुरातच दीक्षा घेतलेली. पण आमचं आडनाव दोन्हीकडे चालणारं, त्यावरून जात कळत नसे. वॉर्डात कुणी विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. बरं चाललं होतं माझं! मी नुसती मान हलवली.

टेबलासमोरच्या खाटेशेजारी लकडगंजचे एक लाकूडव्यापारी होते, तापातून उठलेले. त्यांच्या बायकोने तो जय भीम ऐकला.

"इथं काहून, सिस्टर? तिकडं टोकाले टाका ना त्याले. आमचं जेवणखाण असते इथं."

नियम आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. रोज दहा नातेवाइकांना खडसावणारी मी — माझं तोंड उघडलं नाही. ही एवढी काहून भांडते, त्याइच्यातलीच का, असं तिच्या मनात आलं तर? एवढ्यालाच भ्याले. लहानपणी काय काय सोसलं ते सांगून तुम्हाला रडवू शकते. नाही सांगणार. त्या माणसाने माझ्याहून जास्तच सोसलं असेल.

त्यांना शेवटच्या खाटेवर टाकलं, व्हरांड्याच्या दाराशी. आयसीयूच्या सिस्टरला म्हणाले, तासाभरात पुढे आणते. आणि रिपोर्टबुकात लिहून टाकलं — टेबलासमोर ठेवले.

दुपारी त्यांची बायको चहा आणायला खाली गेली. मी औषधांची यादी उतरवत होते. सवयीने दोनतीनदा मान वर केली — समोर रिकामी खाट. शेजारी व्यापारी संत्रं सोलत होते. मग टोकाकडून तिची किंकाळी आली. मी धावले, छाती दाबली, डॉक्टर आले. त्यांचा जीव केव्हा गेला होता, ते कुणालाच सांगता आलं नाही.

चौकशी कसली होणार? पुस्तकात सगळं बरोबर होतं. पुढे बढती मिळाली. निवृत्तीच्या दिवशी माझ्या गळ्यात हार घालून म्हणाले, बाईंनी कधी भेदभाव केला नाही. मी हार घालून घेतला.

काळच तसा होता, असं म्हणायला आला असाल तर उठा. माझ्या वाट्याचं कुणी दुसऱ्यावर ढकलू नका. त्या व्यापाऱ्याच्या बायकोवरसुद्धा नाही. तिने नुसतं सांगितलं. ट्रॉली मी ढकलली.

त्या दिवशी संध्याकाळी प्रेत नेताना त्या गृहस्थांची बायको माझ्याजवळ थांबली.

"बाई, तुमच्याजवळ ठेवलं असतं तं वाचले असते का हो?"

मी तिच्या डोळ्यांत बघून नाही म्हणाले.

वाचले असते.