पोट कापायची सही

"एकशे चार!"

हर्रासात बोली पुकारतात तसा डॉक्टर ओरडला. राजापेठेतला दवाखाना, वजनकाटा बाहेरच, बाकड्यांसमोर. पंधरा-वीस माणसं बसलेली. कोणीतरी फिसकन हसलं.

त्यानं फाईलवर माझं आडनाव वाचलं. मंग नोकरी वाचली. "कोट्यातली खुर्ची. बसून खायचं. शुगर वाढेल नाही तर काय?"

मी एक्कावन्न वर्षांची बाई. अन् काट्यावरून उतरून चप्पल शोधून राहिली होती. डोळ्यांत पाणी, चप्पल दिसेच ना. त्याच्या मागं मुकाट्यानं खोलीत गेली.

मी अंजनगाव सुर्जीच्या एका कचेरीत आवक-जावकले आहे. कागद घ्यायचा, नोंद करायची, शिक्का मारून पोच द्यायची. साहेब लोकांले तोंडी 'नाही' म्हणून हाकलतात. मी हळूच सांगते, "नाही म्हटलं ना, मंग लिहून मागा." सगळं आयुष्य हेच सांगण्यात गेलं.

शुगर बारा वर्षांपासून. आधी गोळ्या, मंग इन्सुलिन. माझी माय शुगरनंच गेली. आधी आंगठा कापला, मंग पाय. म्हणून काहीतरी करायचं होतंच मले. हा डॉक्टर म्हणे, जठराचा मोठा भाग कापून काढू, वजन उतरेल, शुगरही उतरेल. मले त्या कापण्याचं लय भेव वाटे.

माझी भाची अकोल्याले नर्स आहे. तिनं सांगतलं होतं, "मावशी, तोंडातून दुर्बीण घालून आतूनच टाके मारतात, जठर लहान होते. पोटावर काप नाही. सगळ्यांले चालत नाही ते, ऑपरेशनएवढा फरकही पडत नाही. पण विचारून तर पाहा."

विचारलं. तो हसला.

"ते समजणाऱ्या पेशंटसाठी असतं. तुमच्या लोकांना पथ्य पाळता येत नाही. इथे सही करा."

अन् मी पेन घेतला! खरं सांगते, करूनच टाकली असती. थकली होती वो मी. इंजेक्शनं टोचून थकली, लोकांच्या नजरांनी थकली. पण हाताले सवय, वाचल्याशिवाय कागद पुढं सरकत नाही. सहीच्या वर छापलं होतं, 'मला इतर सर्व पर्याय समजावून सांगण्यात आले आहेत.'

माय वो! लोकांले शिकवणारी मी, अन् माझ्याच पोटाच्या कागदावर खोटी सही करून राहिली होती. स्वतःचाच राग आला. पेन ठेवला.

"मले तुमी एकही पर्याय सांगतला नाही. दुर्बिणीचं माझ्यासाठी नाही म्हणता, तर काहून नाही, ते फाईलवर लिहून द्या."

"डोकं फिरलंय का बाई?"

"लिहून द्या."

त्यानं लिहिलं नाही. मी फाईल उचलली अन् निघाली.

नंतर अकोल्याले दुसऱ्या डॉक्टरीणबाईकडे गेली. तिनं दार लोटून वजन केलं, आकडा मलेच सांगतला. कागदावर जठर काढून दाखवलं. म्हणाली, "दुर्बिणीनं वजन कमी उतरतं. शुगर किती खाली येईल, शब्द देत नाही. तुमचा आजार जुना आहे, ऑपरेशनच लागेल कदाचित. आधी तपासण्या करू."

गोड काहीच बोलली नाही. येताना एसटीत मी खिडकीशी बसून रडली. भेव गेलं नाही, शुगरनं पायाची आग होते तीही गेली नाही. कापावं लागलं तर कापून घेईन. पण समजून घेईन, मंगच सही करीन.

अन् राजापेठेचं मी सोडलं नाही. काल त्याच दवाखान्याच्या नावानं अर्ज लिहिला. काट्यावर काय बोलला, खोलीत काय बोलला, शब्दास शब्द. खाली दोन मागण्या. काटा आत न्या. अन् मले दुर्बिणीचं नाही म्हटल्याचं कारण लेखी द्या. दोन प्रती काढल्या. सोमवारी त्याच बाकड्यावर जाऊन बसणार आहे, सगळ्यांसमोर. पोच घेतल्याशिवाय उठणार नाही.