काखेपर्यंतचं पाणी

मोहटोल्याच्या तलावाचा पाणकर पत्रू ढिवर उभा राहिला तरी बसल्यासारखा दिसतो. हे माझं म्हणणं नाही, शकुबाईचं आहे. पाळीवरून म्हशी नेताना ती हाक मारते, "उठ न गा पत्रू, म्हशी येऊन राह्यल्या. अरे, उभाच होय का तू?" पत्रू मान वर करून तिच्याकडे पाहतो, तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेतो आणि म्हणतो, "तुह्या म्हशीपेक्षा उंच आहो, बस." शिंगं धरली तर तेही खरं नाही.

पाणकर म्हणजे तलावाचं पाणी वाटणारा. आमच्या सावली गावाकडच्या धानपट्ट्यात प्रत्येक तलावाला एक असतोच. तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, पोटात दगडी तुडूम आहे, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची मोरी. एकाखाली एक चार भोकं, प्रत्येकात येनाच्या लाकडाचं बूच. धानाला पाणी लागलं की पाणकर बुडी मारून वरचं बूच काढतो आणि पाणी पाटानं बांध्यांत, म्हणजे धानाच्या वाफ्यांत, जातं. पाणी उतरलं की दुसरं बूच, मग तिसरं. चौथं भोक अगदी तळाशी. ते उघडं राहिलं तर सगळा तलाव बांध्यांत जाईल आणि मागे उरेल चिखल.

म्हणून नियम आहे. चौथं बूच काढलं की पाणकरानं रोज सकाळी तुडमाच्या पायथ्याच्या दगडावर दोन्ही हात वर करून उभं राहायचं. पाणी उतरत काखेला टेकलं की बूच बंद. त्याखालचं पाणी धानाचं नाही. ते मासोळीचं, म्हशींचं, शिंगाड्याचं, धुण्याचं आणि पाळीखालच्या विहिरीचं. हा नियम मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, आजानं केला की मासोळी धरणाऱ्या ढिवरांच्या पणज्यानं, यावर दोन्हीकडून शपथा घेतल्या जातात. मालगुजारी जाऊन चार वर्षं झाली. मालगुजार गेला, नियम राहिला.

पत्रूच्या आधी तीस वर्षं त्याचा मोठा काका कोलूबुढा पाणकर होता. शिंदीच्या झाडासारखा सरळ आणि तेवढाच उंच. कोणत्याही घरातून वाकल्याशिवाय बाहेर यायचा नाही. दोन वर्षांपूर्वी होळीनंतर तो वारला. पंचांनी पत्रूच्या हातात नारळ दिला, खांद्यावर दुपट्टा टाकला. दुपट्टा जमिनीला लागला, तो धुरपतानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, मागून उचलून धरला.

त्या साली पोळ्यानंतर पाऊस गेला तो गेलाच. दसऱ्याला चौथं बूच निघालं. पत्रू रोज सकाळी दगडावर उभा. हात वर, हनुवटी वर, डोळे मिटलेले, जणू तलावाची पूजाच मांडली आहे. काखेला पाणी टेकल्यावरच त्यानं बूच लावलं, एक बोटही इकडेतिकडे नाही. सगळ्यांचा धान भरला. पाटाच्या तोंडाशी सगळ्यांत मोठी शेती बापूजींची. ते बोलायला सुरुवातच "मी काई बोलत नाई" अशी करतात आणि मग बैल गोठ्यात येईपर्यंत थांबत नाहीत. ते म्हणाले, "मी काई बोलत नाई. पन पानकर असावा तं असा. कोलू गेला, देवमानूस होता, पन दोन दिवस पहिलेच बूच ठोके. धानाची कदर नोती त्याले. पत्रूले आहे. मानूस लहान, पन मन मोठं." पत्रू चार दिवस हवेत चालत होता.

मग उन्हाळा आला. चैत्रात तलाव परातीएवढा झाला, वैशाखात नुसता चिखल. मरळ मासे चिखलात तडफडायला लागले. गावानं तीन दिवस हातानं मासोळ्या वेचून खाल्ल्या, चौथ्या दिवशी बगळेसुद्धा निघून गेले. शकुबाईची म्हैस पोटापर्यंत रुतली, आठ माणसांनी दोर लावून ओढली. विहिरीचं पाणी गाळून घेतलं तरी दातांत कचकचायचं. पावसाळ्यात तलाव पुन्हा भरला, पण बोटभर पिल्लांपलीकडे मासोळीच उरली नव्हती. ढिवरांच्या जाळ्यांत गोगलगायी आणि गाळ यायला लागला. सात घरं ढिवरांची. त्यांतली तीन घरं चूल उचलून वैनगंगेच्या काठी सोयऱ्यांकडे गेली. उरलेल्यांनी पत्रूला बसवून सांगितलं, "आनखी एक उन्हाळा असा गेला, तं आमीबी निंगतो. मंग तू अना तुहा तलाव."

पत्रूच्या मनानं एकच घेतलं, चौथं बूच गळतं. सगळा श्रावण तो बुड्या मारत होता. जुनं बूच काढलं, नवं तासलं, भोवती चिंध्या आणि माती ठासली. वर येऊन कान झटकायचा, पुन्हा खाली जायचा. कोणी विचारलं की म्हणायचा, "चोर सापडला, बस." नियम तोच होता, दगड तोच, काखही पाणकराचीच. मग चूक बुचाचीच असणार. गावात कोणालाच दुसरं काही सुचलं नाही.

मागच्या दसऱ्याला पाऊस पुन्हा दगा देऊन गेला आणि पुन्हा चौथं बूच निघालं. तिसऱ्या सकाळी पत्रू दगडावर हात वर करून उभा होता. नव्या बुचाचा दोर काठावर राहिला होता, तो द्यायला धुरपता पाण्यात उतरली आणि त्याच्या शेजारी दगडावर उभी राहिली. दोर दिला, पण ती हलली नाही.

"आयकता का? तुमाले पानी कुठी आलं?"

"गळ्याले. वेळ आहे अजून."

"मले काखेत आलं."

पत्रूनं डोळे उघडले.

"कोलूबुढ्याले कुठी आलं असतं?" धुरपता म्हणाली.

पत्रू दोर खांद्यावर टाकून पाण्यातून निघाला. संध्याकाळी ताट पुढे आलं तेव्हा एकदम म्हणाला, "मंग मी पानकर कायचा? लोक म्हनतीन, बायको मोठी याची."

"मोठी तं आहोच मी. लगनात साऱ्यायनं पाह्यलं. अंतरपाटाच्या येळी तुमाले पाटावर उभं केलं होतं का नाई?"

"एक पाट होता."

"दोन होते. हा वीतभराचा फरक तुमच्या अंगावर लहानच दिसते. तलावभर पसरवून पाहा, केवढं पानी जाते."

पत्रू जेवला नाही. शेजारच्या घरातली चूल उद्या कुठे पेटेल ते त्याच्या हातात होतं आणि त्यासाठी सगळ्या गावासमोर स्वतःला बुटका म्हणायचं होतं. आयुष्यभर शकुबाई ते म्हणत आली, पण ती म्हणते आणि तो उत्तर देतो. आपल्या तोंडानं म्हटलं की मग उत्तर काय द्यायचं?

सकाळी पाळीवर सगळे आले होते. बापूजी छत्री घेऊन, शकुबाई म्हशी सोडून, आणि पाटाच्या शेवटच्या टोकाला ज्याच्या दोन बांध्या आहेत तो मुखरू, खांद्यावर फावडं घेऊन. पत्रू दगडावर गेला, पाणी गळ्याशी होतं, आदल्या दिवसापेक्षा थोडंसंच उतरलेलं. तिथूनच तो म्हणाला, "बूच लावतो."

"काऊन गा?" मुखरू पुढे आला. "माह्या बांध्यांत पानी पोचलंच नाई. धान गरभ्यात आहे, लोंबी पोटातच आहे, पत्रू. दोन दिवस दे. दोनच."

पत्रूनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. बापूजींनी छत्री मिटली. "मी काई बोलत नाई. नियम म्हंजे नियम. काख म्हंजे काख. गळ्याले का काख म्हनतेत?"

पत्रू धुरपताकडे वळला. "ये वो."

तिनं लुगड्याचा काष्टा ओढून घट्ट केला, पाण्यात उतरली, दगडावर उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले. पाणी बरोबर काखेला. शेजारी पत्रू गळ्यापर्यंत. अख्खी पाळ हसली. शकुबाई तर पोट धरून खालीच बसली, "अवं माय, कुठी गेला नवरा? बुडला का काय?"

पत्रू थांबला. हसणं संपेपर्यंत तसाच पाण्यात उभा राहिला.

"हसून घ्या," तो म्हणाला. "मंग पाहा. कोलूबुढ्याची काख इथंवर होती. माही तिथी खाली आहे. मागच्या साली मी माह्या काखेनं मोजलं अना तलाव आटवला. बूच नोतं गळत. मानूस बुटका निंगाला. मासोळी मी मारली. म्हैस मी रुतवली, शकुबाई."

शकुबाई उठून उभी राहिली.

"मंग का बाईले पानकर करतं?" बापूजींनी विचारलं.

"पानकर मीच. बुडी मी मारीन. मोजाले ते उभी राहीन."

शकुबाई मधेच बोलली. "कोलूबुढ्यापेक्षा चार बोटं कमीच आहे ते. म्हंजे चार बोटं धानाले सोडली तिनं. आनखी काय पायजे तुमाले?"

"अना माह्या बांध्या?" मुखरू हळूच म्हणाला.

काखेच्या नियमात मुखरूचा धान कुठेच नव्हता, आणि त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. तेवढ्यात धुरपता हात वरच ठेवून बोलली, "बापूजीच्या बांध्यांत बोटभर मासोळ्या पोहून राह्यल्या. काल दोन धरल्या मी."

सगळे बापूजींकडे वळले. पाटाच्या तोंडाशी त्यांच्या बांध्या काठोकाठ भरलेल्या होत्या. असू द्यावं, कधी लागलं तर, म्हणून. बापूजींनी तोंड उघडलं, मुखरूच्या फावड्याकडे पाहिलं, तोंड मिटलं. मग छत्री उघडून म्हणाले, "एक धुरा फोड. एकच. अना परत बांधून देजो."

पत्रूनं बुडी मारली आणि बूच लावलं.

फोडलेल्या धुऱ्यातून, म्हणजे शेताच्या बांधातून, बापूजींच्या बांधीतलं पाणी दुपारी मुखरूच्या शेतात उतरलं. एक बांधी पूर्ण भिजली, दुसरी अर्धीच. उरलेल्या अर्ध्या बांधीत लोंब्या आल्या, पण पोचट. कापणीला पत्रू आणि धुरपता दोन दिवस न बोलावता मुखरूकडे विळे घेऊन गेले. मुखरू नको म्हणाला नाही, पण पहिल्या दिवशी पत्रूशी बोललाही नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं पत्रूला तंबाखू दिला. या साली त्या टोकाच्या बांधीत त्यानं हलका धान लावला आहे, जो दसऱ्याच्या आधीच हाती येतो.

उन्हाळ्यात तलावात म्हशीच्या पोटापर्यंत पाणी होतं. होळीपर्यंत ओढायचं जाळं टाकायचं नाही, मासोळी वाढू द्यायची, असं ढिवरांनी बूच लागल्यावरच आपण होऊन ठरवलं होतं. उरलेल्या चार घरांतलं एकही हललं नाही, आणि वैनगंगेकडे गेलेल्या तीन घरांतलं एक परत आलं. बाकी दोनही येतील असं पत्रू म्हणतो. धुरपता म्हणते, येतील तेव्हा येतील.

परवा एक ओव्हरसियर साहेब आले, खाकी टोपी, हातात टेप आणि वही. मालगुजारांचे तलाव आता सरकारचे, त्यांची नोंद करायची होती. साहेब पुस्तकातल्यासारखे बोलतात. पाळीवर उभं राहून त्यांनी पत्रूला विचारलं, "या जलाशयाची किमान पातळी दर्शवणारी खूण कोठे आहे?"

"घरी आहे," पत्रू म्हणाला.

"घरी?"

"हो. भात शिजवून राह्यली. बलावू का?"

साहेबांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि वही मिटली. पत्रू पाळीवरून ओरडत निघालाच होता, "ये वो, सरकार आलं पाहाले! हात धुवून ये!"