सातव्या रिळाची पैज

तिला सगळे बॅटरी आत्या म्हणत. एकतीस वर्षं ती थिएटरच्या दारात उभी होती. उशिरा येणाऱ्यांना बॅटरीच्या उजेडात त्यांच्या खुर्चीपर्यंत नेऊन सोडायचं, हे तिचं काम. शाळेची पायरी दोनदा चढले आणि तीनदा उतरले, असं ती स्वतःच सांगायची. पण खुर्च्यांवरचे पत्र्याचे आकडे तिला अंधारात बोटांनी वाचता यायचे.

खेळ सुटला की झाडूही तीच मारायची. सिनेमा चालणार की पडणार, हे तिला त्या झाडूखाली कळायचं. रहस्यपट जमलेला असेल तर शेंगदाण्यांच्या पुड्या अर्ध्या भरलेल्या सापडायच्या. माणूस घाबरला की त्याचा हात तोंडापाशी अडकतो, खायचं राहून जातं. सिनेमा रटाळ असेल तर पुड्या चाटूनपुसून रिकाम्या, आणि खुर्चीखाली टरफलांचा हा ढीग.

मग नवे मॅनेजर आले. वयाने तिच्या धाकट्या मुलाएवढे. साहेबांना डोकं होतं आणि ते सारखं चालवायची सवयही होती. आल्या आल्या त्यांनी ठरवलं की पायऱ्यांच्या कडेने बारीक दिवे लावायचे. दिवे लागले की बॅटरीवाली बाई कशाला हवी? त्यांनी गोड बोलून सांगितलं, आता घरी आराम करा. आत्या म्हणाली की आराम सुरू केला की जिथे नव्हतं तिथेही दुखायला लागतं, आणि दारात जाऊन उभी राहिली.

त्याच आठवड्यात रहस्यपट लागला. बंगल्यात एका म्हाताऱ्याचा खून होतो, घरातल्या पाचजणांवर संशय जातो आणि अगदी शेवटी कळतं की खुनी म्हणजे औषध द्यायला येणारा तो गरीब गायीसारखा कंपाउंडर. बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरने सिनेमा आधीच पाहिला होता. कंपाउंडरचं तोंड त्याच्या मनात असं भरलं, की त्याने दर्शनी बोर्डावर त्यालाच दाराहून उंच काढला, आणि हातात सुरी दिली. साहेब म्हणाले, रंग झकास आहेत. आत्याने सांगून पाहिलं की अहो, खुनी बाहेर टांगून ठेवलात तर आत काय दाखवणार? साहेब हसले. बोर्ड एवढा निरखून कोण बघतो, म्हणाले.

सगळ्यांनी बघितला. तिकिटाच्या रांगेत उभं राहून दुसरं बघायचं तरी काय? आत पडद्यावर एकेकावर संशय जात होता आणि लोक जांभया देत कंपाउंडरची वाट बघत होते. चौथ्या दिवशी पुड्या चाटूनपुसून रिकाम्या, सातव्या दिवशी खुर्च्याही रिकाम्या.

साहेबांनी यातून धडा घेतला, पण भलताच. लोकांना धीर उरला नाही, म्हणाले. संथ भाग दिसला की काढून टाकायचा.

पुढचा सिनेमा चित्रकथेच्या पुस्तकांतून निघालेला, उडणाऱ्या माणसाचा. तो लागायच्या आधी ऑपरेटरने एकदा चालवून पाहिला, तेव्हा आत्या जिन्यात चहा घेऊन बसली होती. ऑपरेटर म्हणजे तिचा जावई. सगळी मारामारी तिने चहा पीत पाहिली. सातव्या रिळाला मात्र चहा गार झाला. त्या रिळात उडणारा माणूस घरी येतो. त्याचा डावा हात कामातून गेलेला असतो, पण आईला यातलं काही ठाऊक नसतं, पोरगा उडतो हेसुद्धा. आई म्हणते, माळ्यावरची ट्रंक खाली काढ रे. सगळ्या शहराला खांद्यावर घेणाऱ्या माणसाला ती ट्रंक हलत नाही. पाठ भरलीय म्हणून तो थाप मारतो. आई म्हणते, राहू दे, शेजाऱ्याला सांगते. बास, एवढंच.

साहेब म्हणाले, यात घडतं काय? आणि सातवं रीळ डब्यात गेलं.

पहिले तीन दिवस आत्या बघत होती. शेवटी आभाळात तुंबळ लढाई चालायची, आवाजाने भिंती हलायच्या, आणि लोक मुतारीच्या रांगेत निवांत गप्पा मारत उभे असायचे. ती जिना चढून ऑपरेटरच्या खोलीत गेली.

"जावईबापू, तुम्ही एकच गोष्ट सात वेळा सांगता, तीही आम्ही ऐकून घेतो. ही ट्रंकवाली आई एकदाच बोलते, तिला डब्यात कोंडलीत?"

"आई, साहेबांचा हुकूम आहे," जावई मान खाली घालून म्हणाला.

मग ती साहेबांच्या खोलीत गेली. बस म्हणायची वाट न बघता बसली.

"साहेब, तो पडेल अशी भीतीच नसेल तर त्याच्या उडण्यात काय बघायचं? कावळेही उडतात. शनिवारी दुपारी एकदा सातवं रीळ लावा. त्या रिळात पाचापेक्षा जास्त माणसं दाराबाहेर गेली, तर ही बॅटरी तुमच्या टेबलावर ठेवते. परत दारात दिसणार नाही."

"आणि नाही गेली तर?"

"तर रीळ तिथेच राहील, आणि मीही."

साहेबांना आयतंच सापडलं. ते लगेच हो म्हणाले. घरी लेक मात्र रडकुंडीला आली. आई, नोकरी काय पैजेवर लावतात? आत्या म्हणाली, अगं, नाही लावली तरी जाणारच आहे, मग निदान मी लावते तशी जाऊ दे.

शनिवारी दुपारी साहेब स्वतः दारापाशी उभे राहिले, बोटांवर मोजायला तयार. सातवं रीळ सुरू झालं. लगेच एक बाई रडतं मूल घेऊन बाहेर गेली. तिच्या मागे तिचा नवरा. मग दोन म्हातारे एकमेकांना धरून गेले. चार झाले. मग एक पोरगी गेली. साहेबांची पाच बोटं मिटली. आत्याने बॅटरी या हातातून त्या हातात घेतली.

आईने ट्रंक काढ म्हटलं, आणि मधल्या रांगेतून एक धिप्पाड माणूस उठला. लोकांचे पाय तुडवत, घाईघाईने दाराकडे आला. साहेब हळूच म्हणाले, सहा.

आत्याने दाराचा पडदा बाजूला केला. जा म्हणाली.

माणसाचा एक पाय दारात होता. पडद्यावर ट्रंक हलेना. माणूस तिथेच थबकला. "थांबा हो जरा," तो आत्याला म्हणाला, जणू तिनेच त्याला ढकललं होतं. आई म्हणाली, राहू दे, शेजाऱ्याला सांगते. माणसाने नाक ओढलं.

"उठला की," साहेब कुजबुजले.

"उठला. गेला का? दाराबाहेर ठरलंय आपलं."

रीळ संपलं तरी तो गेला नाही. लढाई सुरू झाली तसा तो पायरीवरच बसला, गुडघे घट्ट जुळवून, आणि उडणाऱ्याने डावा हात उचलला तेव्हा सगळ्या थिएटरबरोबर त्यानेही श्वास रोखला. मुतारीत त्या वेळी चिटपाखरू नव्हतं. दिवे लागल्यावर तो जो पळाला, तो उडणाऱ्या माणसालाही सापडला नसता.

आत्याने झाडू मारला आणि अर्ध्या भरलेल्या पुड्या परातीत घालून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. साहेबांनी एक शेंगदाणा सोलून खाल्ला आणि एकेक पुडी उघडून पाहिली. मग जावयाला निरोप गेला की सातवं रीळ रोज लावा.

पायऱ्यांचे दिवे पुढे लागलेच. साहेबांना अगदी सगळं सोडणं जमत नव्हतं. आत्या त्या दिव्यांच्या डोक्यावर बॅटरी पाजळत लोकांना नेत राहिली. पाय दिव्यांनी पोचतात, माणसं मी पोचवते, म्हणायची.

पुढचा रहस्यपट आला तेव्हा पेंटर ब्रश घेऊन आधी तिच्याकडे आला. साहेबांनीच पाठवलं होतं. सुरी कोणाच्या हातात देऊ, विचारत होता.

"कोणाच्याच नको," आत्या म्हणाली. "जमिनीवर पडलेली काढ. आणि शेजारी एक दार, किंचित उघडं."