डिंकातून उमटलेली आई

आईच्या डाव्या गालावर, ओठाच्या कडेला आणि दोन्ही हातांवर कोड आहे. मला कळायला लागलं तेव्हापासून आहे. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. फक्त कुणी कॅमेरा बाहेर काढला की आईला चहा ठेवायची आठवण होई. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये ती शोधावी लागते. एका फोटोत तिची पाठ दिसते, दुसऱ्यात पदराचा काठ.

गेल्या हिवाळ्यात ती मिरजेहून पहिल्यांदाच आमच्याकडे दोहाला, अबू हमूरमध्ये राहायला आली. नवरा अल रय्यानच्या साइटवर, मुलगी शाळेत आणि मी वेस्ट बेमधल्या ऑफिसात दिवसभर इमारतींची ड्रॉइंग करत बसलेली. आई घरात एकटी पडायची. म्हणून एका शुक्रवारी तिला गाडीत घालून जुन्या फोटोंचं प्रदर्शन बघायला नेलं. तेवढीच एक चक्कर, यापलीकडे माझ्या मनात काही नव्हतं.

प्रदर्शन एकाच बाईच्या कामाचं होतं. शंभरेक वर्षांपूर्वीची, परदेशातली बाई. घरदार, मुलंबाळं सांभाळत लाकडी कॅमेऱ्यानं फोटो काढायची आणि ते कागदावर स्वतःच्या हातानं छापायची. फोटो कसले, तिच्याच घरातले. खिडकीशी केस वाळवणारी बहीण. टेबलावर डोकं ठेवून झोपी गेलेलं मूल. दारात उभी शेजारीण.

पहिल्या फोटोपाशीच मी थबकले. तो फोटो आहे हे पटेना. कोळशानं काढलेल्या चित्रासारखा मऊ काळोख होता आणि त्या काळोखातून उजेड हळूहळू वर येत होता. कडेला ब्रशचे फराटे तसेच राहिलेले. माझ्या कामात रेघ जरा इकडची तिकडे झाली तर ड्रॉइंग परत येतं. इथे एकही रेघ धड नव्हती, आणि तरी त्या बहिणीच्या मानेवरचा ओलावा मला दिसत होता. बोलायला गेले तर आवाज आपोआप खाली आला, देवळात येतो तसा.

वळून बघते तर आई मागे राहिलेली. एका म्हाताऱ्या बाईच्या फोटोसमोर ती उभी होती. त्या बाईच्या चेहऱ्याचा एक भाग उजेडात इतका विरघळला होता की गाल कुठे संपतो आणि खिडकी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. आई हलेना. मी जवळ जाऊन उभी राहिले, तरी तिची नजर तिथून निघाली नाही.

मग तिनं विचारलं, "असा माझा काढता येईल का गं?"

मी नुसती हो म्हणाले. त्याहून जास्त बोलले असते तर रडले असते.

त्याच प्रदर्शनाला जोडून जुन्या पद्धतीच्या छपाईचं वर्कशॉप होतं. मी दोघींची नावं नोंदवली. आईचा फोटो घरीच काढला, बेडरूमच्या खिडकीशी, पातळ पडदा ओढून. लुगड्याचा पदर नीट करून ती बसली. हात कुठे ठेवू, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, नेहमी ठेवतेस तसे. तिनं ते मांडीवर ठेवले, उघडे.

वर्कशॉप घेणारी बाई ट्युनिसची होती, अंगानं उंच, बोलायला कमी. तिनं फोटोची पारदर्शक निगेटिव्ह करून दिली. मग डिंकाच्या पाण्यात रंग आणि एक केमिकल मिसळायचं, हातमोजे घालून कागदावर सारवायचं, वाळलं की निगेटिव्ह वर ठेवून उन्हात धरायचं. जिथे ऊन लागतं तिथला डिंक कागदाला धरून बसतो, बाकीचा पाण्यात सुटतो. आईला हे सगळं मी मराठीत सांगत होते. डिंक म्हटल्यावर ती हसली. बाळंतिणीच्या लाडवांचा डिंक या कामाला येतो, यावर तिचा विश्वासच बसेना.

आम्ही गच्चीवर गेलो. इथलं ऊन हिवाळ्यातही कोवळं नसतं. ट्युनिसची बाई कागदाकडे बघत उभी राहिली आणि थोड्याच वेळात "खलास, यल्ला" म्हणाली, म्हणजे झालं, चला. आत येऊन आम्ही कागद पाण्याच्या ट्रेमध्ये पालथा सोडला.

आधी काहीच झालं नाही. मग तपकिरी रंग धुरासारखा पाण्यात उतरू लागला. कागद सुलटा केला तेव्हा आधी पदराचा काठ दिसला, मग कपाळ, मग डोळे. कुणी काढत नव्हतं, कुणी हात लावत नव्हतं, आणि माझी आई पाण्याखालून वर येत होती. मी ट्रेवर वाकून बघत होते. आजवर मी तिच्या चेहऱ्याकडे इतका वेळ कधी बघितलंच नव्हतं. बघितलं तर तिला वाटेल की डागांकडेच बघते, म्हणून मी नजर फिरवायला शिकले होते.

रंग ओला असताना मऊ ब्रशनं पुसता येतो. गालावरच्या डागाची कड ठळक उतरली होती. बाजूच्या सावलीत ती सहज मिसळून गेली असती. मी ब्रश उचलला.

"राहू दे," आई म्हणाली. "तो पुसलास तर ती कोण दुसरीच बाई होईल."

मी ब्रश खाली ठेवला. ट्युनिसच्या बाईला मराठी येत नव्हतं, पण तिनं तो ब्रश उचलून दूर नेऊन ठेवला. नंतर कागद वाळेपर्यंत आई ट्रेशेजारच्या खुर्चीतून उठली नाही. मुलीला दाखवायला मी फोटोसाठी मोबाइल काढला, तेव्हाही ती तिथेच बसून होती. संध्याकाळी मुलगी मोबाइलवर बघून म्हणाली, "आजी, यू लुक लाइक अ क्वीन." क्वीन एवढं आईला कळलं. तिनं नातीचं डोकं कुरवाळलं.

जाताना तिनं तो कागद सुती साडीच्या घडीत घातला आणि बॅग विमानात स्वतःजवळ ठेवली. उन्हाळ्यात मी मिरजेला गेले, तेव्हा तो बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याच्या समोरच टांगलेला होता. शेजारच्या काकू आल्या होत्या. हे चित्र कुणी काढलं, असं त्यांनी विचारलं. आई कोथिंबीर निवडत होती. चित्र नव्हे, फोटो आहे, दोहाच्या उन्हात छापलाय, असं तिनं सांगितलं आणि डिंकापासून सुरुवात करून सगळी कृती काकूंना समजावून सांगू लागली. चहा मी ठेवला.