घरचं उदाहरण

आज गोणपाट धुऊन वाळत घातलं आणि त्या ओल्या वासानं मी चौथीत दिवाळीनंतर दिलेल्या वसतिगृहाच्या परीक्षेत जाऊन बसले. तेव्हा बसायला आपापलं पोतं न्यावं लागे. पास झाले तर वसतिगृहात जागा मिळणार होती, नाहीतर आई-आबांबरोबर ऊसतोडीला जायचं होतं.

निबंध होता शिक्षणाच्या फायद्यांवर. एक उदाहरण थोर माणसाचं आणि एक घरचं हवंच, असं गुरुजींनी बजावलं होतं. थोरांचं पाठ होतं, ते लिहिलं. घरात शिकलेला एकटा दादा. तो सातवी पास होता आणि आबांच्या शेजारी उभा राहून ऊसच तोडत होता. त्याला कसला फायदा झाला म्हणून लिहू? मी पोत्याचे दोरे उपसत बसले.

खिडकीतून आबा दबक्या आवाजात म्हणाले, "आटप की गं बाय, ट्रक भरलाय. मुकादम लई बोंबलतोय."

"येक उदाहरण राहिलंय, आबा."

"आगं, दे की ठोकून कायबी!"

मला ठोकून देता आलं नाही. घंटा झाली.

निकाल लागेपर्यंत मलाही तोडीवरच जायचं होतं. ट्रकमध्ये भांडी आणि शेळ्यांच्या मध्ये मी दादाला चिकटून बसले. म्हाताऱ्या बायका सारख्या विचारत, "कंचं गाव आलं रं?" दादा रस्त्याकडेच्या पाट्या वाचून सांगे, की सगळा ट्रक थोडा वेळ निवांत होई.

आता वाटतं, हेच लिहायचं होतं. पण ट्रकमध्ये बसल्याशिवाय ते मला दिसणार नव्हतं, आणि ट्रकमध्ये बसल्यावर पेपर हातात नव्हता.