हनोक किहीमकरांचा शनिवार

आष्ट्यात पाण्याची मोटार जळली की लोक हणमंतरावांकडं जातात. खरं नाव हनोक सॅम्युएल किहीमकर, मूळ कोकणातले ज्यू. पण ‘हनोक’ आष्ट्याच्या तोंडात काही बसेना. दुकान टाकल्यावर पहिल्या आठवड्यातच त्याचा हणमंत झाला आणि केस पिकल्यावर हणमंतराव. त्यात दुकान शनिवारी बंद. गडी मारुतीचा कडक भक्त आहे, असं गावानं परस्पर ठरवून टाकलं.

हा भक्त गिऱ्हाइकाशी पहिलं भांडण देवावरूनच काढी. एकदा नाथाजी दुरुस्त झालेली मोटार नेताना दुकानाच्या पायरीवर नारळ फोडायला बसला, तर हणमंतराव आतून ओरडले, “आरं, वाइंडिंग मी केलंय आन् नारळ कुणाला? देव न्हाई रं बाबा कुठं. असता तर माझ्या नजरंतनं सुटला नसता!”

नाथाजीनं निमूट नारळ उचलला आणि घरी जाऊन फोडला. गावाला या बोलण्याचं फारसं काही वाटत नसे. मोटार पाणी ओढतेय ना, मग कारागीर काय बोलायचं ते बोलेना का. जिवाला लागायचं ते एकट्या फ्लोराबाईंना. त्या पेणच्या, माहेरी शुक्रवारी दिवा लावल्याशिवाय कुणी जेवत नसे, आणि पदरात पडला हा नवरा.

हनोकचं देवाशी बिनसलं ते कोयनानगरला. वडील धरणाच्या कामावर इलेक्ट्रिशियन. मोठ्या भूकंपात यांची खोली उभी राहिली, शेजारची बसली. त्यात हनोकबरोबर गोट्या खेळणारी दोन पोरं गेली. वडील म्हणाले, “देवानं आपल्याला वाचवलं.” नऊ वर्षांच्या हनोकनं विचारलं, “आन् त्यांना?” वडिलांनी उत्तर दिलं नाही, मारलंही नाही. हनोक अजून त्या उत्तराची वाट बघतोय, असं फ्लोराबाई म्हणत.

गेल्या हिवाळ्यात सांगलीहून साईराज आला. कॉलेजात शिकवायचा आणि विवेकवाद्यांचं एक मंडळ चालवायचा. या नास्तिक कारागिराची कीर्ती त्याच्या कानावर गेली होती.

“काका, तुमचा जाहीर सत्कार करायचाय. येत्या शनिवारी.”

“शनवारी न्हाई जमायचं.”

“का? काही काम आहे?”

“काम न्हाई. शनवार हाय. आमचा शब्बाथ, इसाव्याचा वार. त्या दिवशी मी कायबी करत न्हाई.”

साईराज चक्रावला. “पण तुम्ही तर देव मानत नाही!”

“देव न्हाई मानत. शनवार मानत न्हाई, असं कवा म्हणलो?”

कार्यक्रम रविवारवर गेला.

मधल्या दिवसांत फ्लोराबाईंनी आपला नवस फेडायला काढला. मिरजेला गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या एलियाहू नबी या ज्यूंच्या प्रेषिताला मलिदा बोलल्या होत्या. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, पाच फळं, एवढं सगळं तयार झालं. अडलं ते प्रार्थनेपाशी. हिब्रू स्तोत्रं म्हणायला सगळ्या आष्ट्यात एकच माणूस होता. लहानपणी वडिलांनी घोटून घेतलेलं त्याला अजून तोंडपाठ होतं.

“मी न्हाई म्हणणार,” हनोक म्हणाले.

“बरं,” फ्लोराबाई म्हणाल्या, “मग मी मोबाइलवर लावते.”

मोबाइलमधली हिब्रू ऐकून हनोकचं तोंड वाकडं झालं. “ही कसली चाल? आमच्या बाची अशी नव्हती. बंद कर ते.”

आणि ते पाटासमोर येऊन बसले.

शेजारचे जयपाल आणि चांदसाहेब पाहुणे म्हणून आले होते. जयपालनं आधी ताट न्याहाळलं. “कांदा-लसूण?”

“नाही हो भाऊ.”

“मग दिवस बुडायच्या आत उरका, म्हंजे मला खाता येईल.”

डोकं झाकायला घरात टोपी मिळेना, तेव्हा चांदसाहेबांनी खिशातली जादा टोपी काढून हनोकच्या डोक्यावर ठेवली. “घाला. तुमचा एलियाहू त्यो आमचा इलियास. कुणाला राग न्हाई यायचा.”

हनोकनी सूर लावला. आवाज पहिल्यांदा खरखरला, मग मोकळा झाला. फ्लोराबाई ‘आमेन’ म्हणत, चांदसाहेब ‘आमीन’, आणि जयपाल आपला हात जोडून मावळतीकडं बघत होता. नेमका तेव्हा साईराज सत्काराचा कापडी फलक दाखवायला दारात उभा राहिला. नमाजाची टोपी घालून हिब्रू म्हणणारा आपला निर्भीड नास्तिक बघून त्याच्या हातातला फलक आपोआप उलगडला. त्यावर लिहिलं होतं : ‘हनोक किहीमकर (माजी ज्यू)’.

स्तोत्र संपेपर्यंत हनोक उठले नाहीत. मग चष्मा लावून त्यांनी फलक वाचला.

“माजी? आमदार माजी असतो रं. ज्यू कसा माजी हुईल? उद्या मला सॅम्युएलचा माजी पोरगा म्हणशील!”

“पण काका, तुम्ही प्रार्थना करताय! तिकडून कोण येणार आहे?”

“कोण न्हाई येणार, हे मला पक्कं म्हाईत हाय. म्हणूनच मी बसलो. हिच्या बाजूनं कुणीतरी बसाय नको?”

जयपाल मलिद्याचा घास घेत म्हणाला, “आवं सर, जग घडवणारा देव आमच्या जैनांतबी न्हाई. आमी रोज मंदिरात जातोच की. बसा, खावा. लय झक्कास झालंय.”

साईराजनं खाल्लं. फलकावरच्या ‘माजी’वर त्यानं पांढरी पट्टी चिकटवली.

रविवारी सांगलीच्या सभागृहात हनोकनी देव नाही हे ठणकावून सांगितलं. पुढच्या रांगेतले आप्पासो नावाचे एक गृहस्थ उसळून उठले. “मग शनवार कशापायी पाळता? का ढोंग?”

हनोक म्हणाले, “माझ्या आज्याचा तेलाचा घाणा हुता. शनवारी त्यो जुंपत नव्हता. बानं धरणावर असताना शनवारी पकड धरली न्हाई. त्यापायी साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. ती दोघं देवासाठी थांबली. मी त्या दोघांसाठी थांबतो.”

टाळ्या पडल्या, पण अर्ध्याच. आप्पासोंना माणूस नास्तिक म्हणून खुपला आणि मंडळाच्या मागच्या रांगेला पुरेसा नास्तिक नाही म्हणून. परतताना एस्टीत फ्लोराबाई म्हणाल्या, “मामंजींचं नाव काढलंत तेवढं बरं केलंत. बाकीचं मी ऐकलं नाही.”

महिन्याभरानं साईराज पुन्हा दुकानात आला, या वेळी कार्यक्रमाशिवाय. वर्षापूर्वी त्याचे वडील वारले होते. त्यानं कसलेही विधी केले नव्हते, आणि तेव्हापासून आई त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. परवा वर्षश्राद्ध होतं.

“काका, मी श्राद्धाला बसू का?”

“मला कशाला इचारतोस? मी काय भटजी हाय?” हनोक तांब्याची तार गुंडाळत म्हणाले. “तुझ्या बाला खायाला काय आवडायचं?”

“कारल्याची भाजी.”

“मग ती तू कर. आपल्या हातानं.”

साईराजनं भाजी केली. तिथीला तो आईशेजारी बसला आणि गुरुजींना प्रत्येक मंत्राचा अर्थ विचारून त्यानं पार घाम फोडला. भाजी करपली होती. आईनं ती दोनदा वाढून घेतली.