शालनताईंचं पार्सल

मार्केट यार्डात, कांदा-बटाटा विभागात, सर्जेराव बाबरांची आडत आहे. गाळ्याशेजारचा लोखंडी जिना चढून गेलं की वर ऑफिस. दुपारी दीड वाजता तिथे एका टेबलाभोवती चार माणसं जेवायला बसत. तीन डबे सगळ्यांचे असत. चौथ्याला त्याच्या मालकिणीशिवाय कोणी हात लावत नसे. त्यात उरलेली भाजी संध्याकाळी दोन बस बदलून विश्रांतवाडीला परत जाई.

तो डबा शालन रणपिसे यांचा.

शालनताई पन्नाशीला आलेल्या. ताडीवाला रोडला वाढलेल्या, वडील रेल्वेत, घरात बी.कॉम. झालेली पहिली मुलगी. नवरा कचरू हडपसरच्या एका कारखान्यात फिटर होता, गुडघे गेले म्हणून दोन वर्षांपूर्वी घरी बसला. मुलगी अक्षता नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला. घर बौद्ध. शालनताईंनी ते ऑफिसात कधी लपवलं नाही, आणि त्यांना कोणी कधी विचारलंही नाही. आडनाव आणि चौदा एप्रिलची रजा, एवढ्यावर पुण्यात लोकांचं काम भागतं.

ऑफिसात सगळ्यांत जुन्या हेमा बारटक्के. रोख त्यांच्याकडे, चहाच्या वेळा त्यांच्याकडे आणि जेवणाची शिस्तही त्यांच्याकडेच. टेबलावर वर्तमानपत्र अंथरायचं, सगळ्यांनी डबे मधे ठेवायचे, ज्याला जे हवं ते त्याने घ्यायचं. कोणी व्यापारी वर आला की हेमाताई कौतुकाने सांगत, "आमच्याकडे हे असं. एका घरासारखं." दुसरे दोघे म्हणजे गाड्यांची आवक लिहिणारे संभाजी आणि कॉम्प्युटरवर बसणारी कादंबरी, वय सव्वीस.

शालनताई नोकरीला लागल्या तेव्हा पहिले दोन महिने चौघांना पुरेल एवढं आणत होत्या. हेमाताईंचा कधी उपास असे, कधी त्यांना वांगं बाधत असे, कधी दात दुखत असे. संभाजी म्हणत, "राहू द्या ताई, माझं झालंय," आणि लगेच हेमाताईंच्या डब्यातली पोळी उचलत. शालनताईंना मात्र सगळं मिळे. हेमाताई चमचा उंच धरून त्यांच्या झाकणात उसळ टाकत. वरून. चमचा झाकणाला लागत नसे.

दोन महिन्यांनी शालनताई स्वतःपुरतं आणायला लागल्या. तरी थोडं जास्त आणण्याची सवय मोडली नाही. अक्षता बारावी झाली तेव्हा त्यांनी दुकानातले पेढे नेले होते. ते सगळ्यांनी खाल्ले, हेमाताईंनी दोन घेतले. त्या दिवशी शालनताईंना बरं वाटलं होतं. आपलाच काहीतरी गैरसमज झाला होता, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. पुढची वर्षं त्यावर काढली.

गेल्या जानेवारीत एका बुधवारी पहाटे गॅस संपला. दुसरी टाकी नव्हती. शालनताई तशाच निघाल्या आणि दुपारी गेटजवळच्या हॉटेलातून अख्खा मसूर आणि रोट्या बांधून घेऊन आल्या. काळा प्लॅस्टिकचा डबा, पांढरं झाकण, वर रबर, सोबत कांदा-लिंबाची पुडी. डबा टेबलावर ठेवून त्या हात धुवायला गेल्या. परत आल्या तेव्हा झाकण उघडलेलं होतं. कादंबरी रोटीचा तुकडा बुडवत होती, आणि संभाजी म्हणत होते, "वा! आज मेजवानी."

हेमाताईंनी हात लांब करून डब्यातूनच घेतलं. चमच्याने नाही, हाताने. म्हणाल्या, "शालन, अगं, रोज असं काहीतरी आणत जा की. त्या डब्याचं काय लावलंयस!"

शालनताईंच्या वाट्याला अर्धी रोटी आली. त्यांनी ती खाल्ली. दुपारभरात शेतकऱ्यांच्या मालाच्या तीन हिशेबपट्ट्यांवर त्यांनी गावांची नावं चुकीची घातली. नऊ वर्षांत असं झालं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी पर्सही खाली ठेवली नाही. कचरू गुडघ्याला तेल चोळत बसले होते. शालनताईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कचरूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुला आज कळलं?"

"म्हणजे?"

"मला कारखान्यात पहिल्या महिन्यातच कळलं होतं."

लग्न झालं तेव्हा कचरू डबा नेत. महिन्याभरातच त्यांनी तो बंद केला आणि कॅन्टीनमध्ये खायला लागले. तेव्हा शालनताईंनी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. माझ्या हातचं आवडत नाही का, आईच्या हातचं पाहिजे का, बाहेर कोण आहे का, सगळं विचारून झालं होतं. कचरू फक्त म्हणाले होते, "गरम मिळतं तिकडं." सव्वीस वर्षं त्या वाक्याचा राग शालनताईंनी पोटात ठेवला होता.

"अहो, मग मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? लोक माझा डबा उघडला की खुर्ची सरकवतात म्हणून? नवीन नवरी होतीस तू." कचरूंनी तेलाच्या बाटलीला बूच लावलं. "कॅन्टीनमध्ये ताट सगळ्यांचं सारखं असतं. कोण काय घरून आणतो, प्रश्नच येत नाही. तूही बाहेरचं खात जा. विषय संपला."

विषय संपला नाही. शालनताईंना आता दोघांचा राग आला होता, तिकडच्यांचा आणि या माणसाचाही. सव्वीस वर्षं आपण मनात कुढलो, कारण याने चूपचाप ताट बदललं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मुद्दाम दोनदा पार्सल नेलं. दोन्हीदा डबा पुसून निघाला. मधल्या दिवशी घरचं पिठलं नेलं. त्याला कोणी विचारलं नाही. आता शंकेला जागा उरली नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्या हॉटेलवाल्याकडून काळे डबे मागून घेऊन आल्या. "किती पाहिजेत?" त्याने विचारलं. "सहा," त्या म्हणाल्या. बुधवारी पहाटे उठून त्यांनी मसूर शिजवला. कांदा लालसर होईपर्यंत परतला, लसूण ठेचून घातला, घरचा काळा मसाला घातला. रोट्या हॉटेलसारख्या जमणार नव्हत्या, म्हणून पोळ्या न करता पाव घेतले. अक्षता कॉलेजला निघायच्या गडबडीत स्वयंपाकघरात आली आणि आई काळ्या डब्याला रबर लावतेय हे पाहून थांबली.

"आई, हे काय चाललंय?"

शालनताईंनी सांगितलं.

"हे बरोबर नाहीये, आई. सरळ बोल ना त्यांच्याशी. असं फसवून..."

"नऊ वर्षं सरळ बसले होते तिथे. लिंबू काप."

अक्षताने लिंबू कापलं, पण जाताना ती आईशी बोलली नाही.

दुपारी डबा उघडला. हेमाताईंनी पहिला घास घेतला आणि भुवया उंचावल्या. "आचारी बदलला वाटतं. मागच्यापेक्षा कितीतरी छान."

"बदलला असेल," शालनताई म्हणाल्या.

असे चार बुधवार गेले. मसूर, मग मटकी, मग छोले, मग भरली वांगी. वांगी बाधणाऱ्या हेमाताईंनी तीन खाल्ली. शालनताई समोर बसून पाहत. आपल्याला मजा वाटेल, असं त्यांना वाटलं होतं. मजा वाटत नव्हती. हेमाताईंची बोटं डब्यात गेली की त्या हातातला पाव खाली ठेवत.

पाचव्या बुधवारी पुन्हा मसूर होता. हेमाताईंनी पदराला हात पुसत विचारलं, "शालन, हॉटेलवाल्याचा नंबर दे बाई मला. मुलाने फ्लॅट घेतलाय, रविवारी तीसेक माणसं जेवायला आहेत. मसूर याच्याकडूनच सांगते."

"नंबर आहे तुमच्याकडे."

"माझ्याकडे कुठला?"

"माझाच की. मी करते हे. विश्रांतवाडीला, माझ्या घरी. डबा तेवढा हॉटेलचा."

संभाजी हसले. "काय ताई, चेष्टा करता गरिबाची."

शालनताई हसल्या नाहीत. मग संभाजींचंही हसणं थांबलं. कादंबरीने मोबाइल उचलला आणि त्यात पाहायला लागली. हेमाताईंच्या हातात पावाचा तुकडा होता. तो त्यांनी वर्तमानपत्रावर ठेवला, उठल्या आणि कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेल्या. त्यांनी चूळ भरली. एकदा नाही, तीनदा. तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

त्या परत आल्या तेव्हा शालनताई उभ्या होत्या.

"ही फसवणूक आहे," हेमाताई म्हणाल्या. "खाण्यात फसवणूक! लाज वाटायला हवी."

"काय फसवलं? मसूर सांगितला, मसूर दिला. मांस घातलं का त्यात?"

"मी बाहेरचं समजून खाल्लं."

"बाहेरचं कोण करतं ते विचारलंत कधी? त्या आचाऱ्याचं आडनाव माहीत आहे तुम्हाला?"

"उगाच विषय नको तिकडे नेऊ नकोस. मी तसलं काही मानत नाही. प्रश्न स्वच्छतेचा आहे."

"हो का? मग त्या हॉटेलचा भटारखाना बघून या एकदा. माझं घरही बघा. मग चूळ कुठे भरायची ते ठरवा."

"शालनताई, जाऊ द्या ना," संभाजी मधे पडले.

"तुम्ही गप्प बसा. नऊ वर्षं माझा डबा सोडून सगळ्यांच्या डब्यातलं खात होतात."

कादंबरी पुटपुटली, "मला खरंच माहीत नव्हतं, मॅम. आय मीन, मी असं काही विचार करून..."

"तू आलीस त्या आठवड्यात पहिल्या दिवशी माझी भेंडी घेतली होतीस," शालनताई तिला म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशीपासून नाही. कोणी सांगितलं तुला?"

कादंबरीने हेमाताईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

प्रकरण चार वाजता सर्जेरावांपर्यंत गेलं. त्यांनी शालनताईंना खाली गाळ्यात बोलावलं. ते पोत्यांच्या थप्पीला टेकून उभे होते. सर्जेराव वाईट माणूस नव्हते, पण त्यांना भांडण म्हणजे माल नासल्यासारखं वाटे. लवकर बाहेर काढायचं, एवढंच.

"ताई, तुमच्या कामाबद्दल माझी एक तक्रार नाही. पण हा असला खोडसाळपणा कशाला? हेमाताई माफी मागा म्हणतात."

"कशाची?"

"अहो, समजून घ्या..."

"साहेब, तुम्ही तरी माझ्या डब्यातलं कधी खाल्लंत?"

सर्जेराव म्हणाले, "मी घरी जातो जेवायला." मग त्यांनी निकाल दिला. उद्यापासून ऑफिसात डबे बंद. ज्याने त्याने बाहेर जाऊन खावं. म्हणजे कोणाचा कोणाशी संबंध नको.

"ज्यांना बाहेर खायचंय त्यांनी खावं," शालनताई म्हणाल्या. "मी डबा आणणार आणि वरच बसून खाणार. चालत नसेल तर लेखी द्या, कशासाठी बंद केला ते लिहून."

लेखी कोणी देणार नव्हतं. सर्जेराव हमालांवर ओरडत निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून तिघं दीड वाजता जिना उतरायला लागली. शालनताई एकट्या टेबलाशी बसत. माफी त्यांनी मागितली नाही, हेमाताईंनीही नाही. कामापुरतं बोलणं राहिलं. हेमाताई व्हाउचर त्यांच्या हातात न देता टेबलावर ठेवत. शालनताईंनीही मग कागद टेबलावरच ठेवायला सुरुवात केली. महिन्याभरात रोजच्या बाहेरच्या खाण्याने हेमाताईंना पित्ताचा त्रास सुरू झाला, आणि त्याचं खापरही त्यांनी शालनताईंवरच फोडलं. शालनताईंना त्याचं जराही वाईट वाटलं नाही. नोकरी सोडायचा विचार त्यांनी केला होता, पण अक्षताचं शेवटचं वर्ष राहिलं होतं, आणि शिवाय जायचंच असेल तर हेमाताईंनी जावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

कादंबरी जून महिन्यात खराडीच्या एका कंपनीत गेली. शेवटच्या दिवशी ती दुपारी खाली गेली नाही. शालनताईंच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "सॉरी, मॅम. मनापासून." मग डब्याकडे पाहून म्हणाली, "मी थोडं घेऊ का?"

"नको," शालनताई म्हणाल्या. "तुझं मन हलकं व्हावं म्हणून नाही आणलं मी ते."

कादंबरीच्या डोळ्यांत पाणी आलं. शालनताईंनी जेवण चालू ठेवलं.

घरी ही गोष्ट सांगितली तेव्हा कचरू म्हणाले, "पोरगी लहान होती गं. द्यायचं होतंस."

"तुम्ही दिलं असतं. म्हणून तुम्ही कॅन्टीनमध्ये खाल्लंत."

असं बोलायला नको होतं, हे त्यांना बोलता बोलताच कळलं. कचरू उठून गॅलरीत जाऊन बसले. दोन दिवस घरात धड बोलणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी शालनताई डबा भरत होत्या, तेव्हा ते लंगडत ओट्यापाशी आले.

"मलाही एक भर," ते म्हणाले.

"तुम्हाला कशाला? घरी तर असता."

"भर तू. दुपारी खाईन मी डब्यातून."

शालनताईंनी त्यांचा सव्वीस वर्षांपूर्वी बंद पडलेला जुना डबा फळीवरून काढला, विसळला, त्यात पोळ्या आणि गवारीची भाजी भरली आणि झाकण घट्ट लावून त्यांच्यासमोर ठेवला. साडेसहाची बस होती. त्या निघाल्या.